चार हातपाय आणि एक पगार

शनिवारची सकाळ ही माझी हक्काची. आठवडाभर ऑफिसची कॉल्स, डिफेक्ट, 'क्विक सिंक' वगैरे झाल्यावर शनिवारी उशिरापर्यंत लोळायचं, मग पोहे, मग इथे काहीतरी खरडायचं, असा वर्षानुवर्षांचा क्रम. गेल्या जूनपासून तो मोडलाय. सकाळी साडेआठला मी कॅम्पातल्या एका जुन्या इमारतीचा लाकडी जिना चढतो आणि पुढचा तासभर माझा उजवा पाय माझं ऐकत नाही हे प्रत्यक्ष बघतो.

तर मंडळी, मी ड्रम्स शिकतोय. वय वर्षं ४३. (हसून घ्या. बायकोचं झालंय, मुलीचं अजून चालू आहे.)

कॉलेजात असताना सहा गणपती मी पथकात ताशा वाजवलाय. त्यामुळे 'हात तर बसलेलाच आहे, पाय काय, शिकू' असा एक गोड गैरसमज होता. पहिल्या दिवशी सरांनी सांगितलं ते असं: उजव्या हाताने हाय-हॅटवर, म्हणजे त्या दोन समोरासमोर बसवलेल्या झांजांवर, सारखे आठ ठोके. वन अँड टू अँड थ्री अँड फोर अँड. डाव्या हाताने टू आणि फोरवर स्नेअर. उजव्या पायाने वन आणि थ्रीवर बास ड्रम. जगातली अर्धी गाणी या एका ठेक्यावर उभी आहेत म्हणे. हे मला अर्ध्या तासात जमलं आणि मी मनातल्या मनात कॉलर ताठ केली.

मग सर म्हणाले, "आता फक्त थ्रीवरचा पाय उचल आणि थ्रीच्या पुढच्या 'अँड'वर टाक. बाकी काय बदलायचं नाय."

एक ठोका, फक्त अर्ध्या मात्रेने पुढे. आणि सगळा डोलारा कोसळला! पाय पुढे गेला की उजवा हात अडखळायचा. हात सांभाळला की पाय जुन्या जागी परत. दोघांना धाकात ठेवलं की डावा हात भलतीकडेच स्नेअरवर पडायचा. तीन आठवडे मी या एका ठोक्याशी झुंजत होतो. तिसऱ्या शनिवारी वैतागून मी सरांना म्हटलं, "सर, एका माणसाने एवढं सगळं करावं हे मुळात कोणाच्या डोक्यात आलं?"

सर मूळचे म्हापशाचे, साठी कधीच ओलांडलेली, तरुणपणी मुंबईच्या फिल्म स्टुडिओत वाजवायचे. ते हसले आणि म्हणाले, "एका माणसाचं कामच नव्हतं ते बाबा. तीन माणसांचं होतं."

एवढ्यावर कोणी गप्प बसेल, पण मी पडलो इंजिनिअर. लेगसी सिस्टिम विचित्र वागायला लागली की तिचा इतिहास काढायचा ही आमची सवय. तो काढला, आणि त्यात जे सापडलं ते ड्रम्सपुरतं राहिलं नाही, म्हणून हा लेख.

पथक डोळ्यासमोर आणा. ढोलवाला ढोल वाजवतो, ताशेवाला ताशा, झांजवाला झांज. ढोलाचा जाड आवाज, ताशाचा कडकडाट, वर झांजांची झळाळी. हे तीन थर तीन वेगवेगळ्या माणसांकडे. युरोपातल्या लष्करी बँडची रचना अगदी हीच होती. मोठा बास ड्रम, आडवा छोटा स्नेअर आणि झांजा. तिघांना तीन माणसं. यातला बास ड्रम आणि झांजा युरोपने १८ व्या शतकात तुर्कांच्या लष्करी वाद्यवृंदांकडून उचलल्या. मोझार्टने १७८२ च्या एका ऑपेरात तो 'तुर्की' दणदणाट मुद्दाम वापरलाय. हेच बँड पुढे अमेरिकेत गेले आणि न्यू ऑर्लिन्ससारख्या गावात मिरवणुका, नाच, अंत्ययात्रा सगळीकडे वाजू लागले.

रस्त्यावर तीन माणसं लागणारच, कारण चालणारा माणूस पायाने वाजवू शकत नाही. त्याचे पाय आधीच कामावर आहेत! शिवाय अंगावर वाद्य अडकवणार तरी किती?

भानगड सुरू झाली ती बँड घरात शिरला तेव्हा. १९ व्या शतकाच्या शेवटी नाटकगृहं आणि नाचाचे हॉल वाढले. तिथे रंगमंचापुढच्या खड्ड्यात वादकांना बसायला जागा कमी, आणि मालकाच्या खिशातून पगार जाणार तोही माणशी. मग एकाच माणसाने दोन ड्रम सांभाळायचे अशी पद्धत निघाली. स्नेअर खुर्चीवर तिरका ठेवायचा, शेजारी बास ड्रम. काठीने स्नेअरवर वाजवता वाजवता मध्येच हात फिरवून बास ड्रमवर एक हाणायचा, की परत स्नेअर. याला 'डबल ड्रमिंग' म्हणत. बास ड्रमच्या कड्यावर एक झांज बसवली की तिसऱ्या माणसाचंही काम भागलं. १८९८ मध्ये युलिसिस लीडीने स्नेअरसाठी उंची कमी-जास्त करता येणारा स्टँड बाजारात आणला आणि बिचारी खुर्ची सुटली.

पण दोन हातांनी तीन वाद्यं वाजवायची तर कुठेतरी काटकसर होणारच. हात बास ड्रमकडे गेला की स्नेअरवरचा रोल तुटतो. आणि इकडे खाली दोन पाय नुसते बसलेत. माणूस आता खुर्चीवर बसलाय, पायांना काही काम नाही. ऑफिसच्या भाषेत, बेंचवर. :-)

त्यांना प्रोजेक्टवर घेण्याचे प्रयत्न बऱ्याच जणांनी केले. न्यू ऑर्लिन्समध्ये जॉन रोबिशो याच्या ऑर्केस्ट्रात डी डी चँडलर नावाचा ड्रमर होता. १८९० च्या दशकात त्याने लाकडाचं घरगुती पेडल करून पायाने बास ड्रम वाजवायला सुरुवात केली होती. असे बरेच जुगाड त्या काळात झाले. पण बहुतेक पेडल्स वरून लोंबकळणारी, जड, आणि एकदा टोला हाणला की परत यायला वेळ लावणारी. रॅगटाइमचं संगीत आलं, लय वाढली, आणि ही पेडल्स मागे पडू लागली.

इथे शिकागोचा विल्यम लुडविग येतो. जर्मनीत १८७९ मध्ये जन्मलेला, लहानपणीच अमेरिकेत आलेला, पोटासाठी ड्रम वाजवणारा माणूस. त्याची अडचण माझ्यासारखीच, पाय हाताच्या मागे राहतो. फरक एवढाच, की त्याचा दोष खरोखर यंत्राचा होता. त्याने जमिनीवर बसणारं, आखूड, झटकन परतणारं पेडल बनवलं. इतर ड्रमर्सनी मागायला सुरुवात केली म्हणून १९०९ मध्ये भाऊ थिओबाल्ड याच्याबरोबर कंपनी काढली. 'लुडविग' हे नाव पुढे १९६४ मध्ये कोट्यवधी अमेरिकनांनी टीव्हीवर पाहिलं, रिंगो स्टारच्या बास ड्रमवर.

आज माझ्या पायाखाली जे पेडल आहे ते तत्त्वतः तेच. फळी दाबा, वरचा दांडा पुढे, स्प्रिंग त्याला मागे ओढते. इतकं साधं. आणि या साध्या वस्तूने बास ड्रमवाल्याची नोकरी घालवली.

हे वाचताना मी जरा थांबलो. का थांबलो ते पुढे सांगतो.

डाव्या पायाचा नंबर लागायला अजून पंधरा-वीस वर्षं गेली. या काळात ड्रमरच्या भोवती चिनी टॉम, लाकडी ठोकळे, गायीच्या गळ्यातल्या घंटा, भोंगे, शिट्ट्या असा बाजार जमला. मूकपटांच्या थिएटरात घोड्याच्या टापांपासून आगगाडीपर्यंत सगळे आवाज ड्रमरच काढायचा. या पसाऱ्याला 'ट्रॅप्स' म्हणत. तो शब्द 'काँट्रॅप्शन'वरून आला असं सांगतात. आपल्या भाषेत खटाटोप!

१९२० च्या दशकाच्या मध्यावर घोट्याच्या उंचीवर दोन झांजा समोरासमोर बसवून डाव्या पायाने मिटायचं एक यंत्र आलं. पुढे कोणीतरी त्याची नळी कमरेपर्यंत उंच केली, म्हणजे पायाने मिटताही येईल आणि हाताने वाजवताही येईल. हाच आपला हाय-हॅट. चौथा अवयवही कामाला लागला.

आणि नेमकं तेव्हाच, ऑक्टोबर १९२७ मध्ये, 'द जॅझ सिंगर' हा बोलपट लागला. दोन-तीन वर्षांत थिएटरांना आपला आवाज आपणच काढता येऊ लागला. खड्ड्यातले हजारो वादक बेकार झाले. ज्या ड्रमरने बास ड्रमवाल्याचं आणि झांजवाल्याचं काम आपल्या अंगावर घेतलं होतं, त्याचीच खुर्ची आता गेली. लुडविग बंधूंच्या कंपनीलाही फटका बसला. १९२९ मध्ये ती सी. जी. कॉन या मोठ्या वाद्यकंपनीने विकत घेतली.

असो. तर १९३० च्या सुमाराला सामान पूर्ण झालं. पण लक्षात घ्या, अजून स्वातंत्र्य नव्हतं. चारही अवयव एकाच ठेक्याची शिपाईगिरी करत होते. पाय बास ड्रमवर वन-टू-थ्री-फोर, हात त्याला धरून. जीन क्रुपाने १६ जानेवारी १९३८ ला न्यू यॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये बेनी गुडमनबरोबर 'सिंग, सिंग, सिंग' वाजवून ड्रमरला कोपऱ्यातून पुढे आणलं खरं, पण त्याचाही पाया बराचसा मिरवणुकीचाच होता. काउंट बेसीकडच्या जो जोन्सने ठेका बास ड्रमवरून उचलून हाय-हॅटवर नेला, तेव्हा सगळं हलकं झालं.

मग आला केनी क्लार्क. १९३९-४० च्या सुमाराला तो टेडी हिलच्या बँडमध्ये होता. गाण्यांची लय इतकी पळायची की पायाने प्रत्येक मात्रा मारणं अशक्य व्हायचं, असं त्यानेच पुढे सांगितलंय. म्हणून त्याने मात्रा मोजायचं काम उजव्या हाताकडे, वरच्या मोठ्या झांजेकडे दिलं. पाय मोकळा झाला! आता तो पाहिजे तेव्हा, अनपेक्षित जागी, एखादा दणका द्यायचा. लोक त्याला 'बॉम्ब टाकणं' म्हणू लागले. टेडी हिलने त्याला या प्रकारासाठी बँडमधून काढून टाकलं. गंमत म्हणजे त्याच हिलने पुढे हार्लेममधल्या मिंटन्स प्लेहाउसची व्यवस्था हातात घेतल्यावर क्लार्कला परत बोलावलं. तिथे जे शिजलं त्याला आपण बीबॉप म्हणतो.

थकलेल्या पायाची सोय करायला गेला आणि नवीन संगीत निघालं. माझ्या तीन आठवड्यांच्या भांडणाचं मूळ इथे आहे. 'थ्रीच्या पुढचा अँड' हा क्लार्कच्या बॉम्बचा फार लांबचा, फार गरीब नातेवाईक.

ज्या गोष्टी मिंटन्समध्ये रात्री दोनला सुचत होत्या त्या इतरांनी शिकायच्या कशा? हे काम जिम चेपिन नावाच्या ड्रमरने केलं. त्याने ड्रम्सला हात लावला तोच अठराव्या वर्षी. (मी २५ वर्षं लेट, फार नाही.) १९४८ मध्ये त्याचं पुस्तक आलं. त्याच्या नावातच 'कोऑर्डिनेटेड इंडिपेंडन्स' असा शब्दप्रयोग आहे. रीत अशी, की उजवा हात झांजेवर एकच नमुना फिरवत ठेवणार, डावा पाय टू आणि फोरवर हाय-हॅट मिटणार, यात काहीही झालं तरी बदल नाही. त्याच्यावर डाव्या हाताने पानभर वेगवेगळे नमुने वाजवायचे. ते झालं की उजव्या पायालाही त्यात ओढायचं. म्हणजे दोन अवयव स्थिर, एक बदलता, मग दोन बदलते. टेस्टिंगवाल्यांना ही पद्धत लगेच ओळखू येईल. सगळं एकदम बदललं तर काय बिघडलं ते कळणारच नाही.

सरांकडे त्याच्याही आधीचं, १९३५ सालचं जॉर्ज लॉरेन्स स्टोनचं 'स्टिक कंट्रोल' आहे, पानं सुटलेली, पिवळी पडलेली. त्यात नुसते उजवा-डावा हातांचे क्रम, आणि प्रत्येक व्यायाम वीस वेळा करा अशी सूचना. मी म्हटलं, "वीस?" सर म्हणाले, "वीस झाल्यावर मोजायला सुरुवात कर."

आता या 'इंडिपेंडन्स' शब्दाबद्दल. माझा गोंधळ याच शब्दाने केला होता. मला वाटायचं ड्रमरच्या डोक्यात चार वेगळे थ्रेड चालतात, आपापल्या मर्जीने, आणि आपल्याला तसं मल्टिथ्रेडिंग शिकायचंय. म्हणून मी हाताकडे एक लक्ष, पायाकडे दुसरं लक्ष असं द्यायला बघत होतो. लक्ष एकच होतं, त्यामुळे ते इकडून तिकडे पळत होतं.

एक प्रयोग करून बघा. खुर्चीत बसा, उजवा पाय उचलून घड्याळाच्या दिशेने गोल फिरवा. फिरवता फिरवता उजव्या हाताने हवेत इंग्रजी आकड्यातला सहा काढा. पाय उलटा फिरू लागला ना? ऑफिसमध्ये करू नका, लोक बघतात. शरीराला हातपाय एकमेकांना जोडून हलवायला आवडतं. १९८५ मध्ये हाकेन, केल्सो आणि बुन्झ यांनी याचं गणितच मांडलं. दोन तर्जन्या एकाच दिशेला, म्हणजे दोन्ही डावीकडे, मग दोन्ही उजवीकडे, अशा हलवायला लागा आणि वेग वाढवत न्या. एका वेगाला त्या आपोआप आरशातल्यासारख्या हलू लागतात, तुम्ही ठरवलं नसलं तरी.

मेंदूच्या दोन भागांना जोडणारा जो जाड पट्टा असतो, तो आजारामुळे कापावा लागलेल्या रुग्णांवर १९९६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ते दोन हातांनी एकाच वेळी दोन वेगळ्या आकृत्या आरामात काढू शकत होते, ज्या आपल्याला काढता येत नाहीत. म्हणजे खरंखुरं 'स्वातंत्र्य' हवं असेल तर जोडच तोडायला लागेल! ड्रमर ते करत नाही. २०१९ मध्ये जर्मनीतल्या बोखूमच्या संशोधकांनी अनुभवी ड्रमर्सचे मेंदू तपासले, तर त्यांच्या या पट्ट्याच्या पुढच्या भागात तंतू कमी पण जाड असल्याच्या खुणा सापडल्या. जोड तुटलेला नव्हता, उलट जास्त कामाचा झाला होता.

हे सगळं मी सरांना मोठ्या उत्साहाने ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते बरोबर असेल. तू तोंडाने बोल."

"काय बोलू?"

"जे होतंय ते. दोन्ही, एकटा, दोन्ही, एकटा."

आणि कोडं सुटलं. चार मात्रांचे आठ खण करा. पहिल्या खणात उजवा हात आणि पाय, म्हणजे दोन्ही. दुसऱ्यात उजवा हात एकटा. तिसऱ्यात दोन्ही हात. चौथ्यात एकटा. पाचव्यात, जिथे आधी पाय होता तिथे, आता एकटा. सहाव्यात हात आणि पाय, दोन्ही. सातव्यात दोन्ही हात. आठव्यात एकटा. म्हणायचं झालं तर "दोन्ही एकटा दोन्ही एकटा, एकटा दोन्ही दोन्ही एकटा". एवढंच! तीन अवयवांचे तीन ठेके नाहीत, मिळून एकच ओळ आहे. थ्रेड एक, वेळापत्रक एक. प्रत्येक खणात चार अवयवांपैकी कोण पडणार एवढाच प्रश्न, आणि त्याची उत्तरं जास्तीत जास्त सोळा, त्यातलं एक म्हणजे सगळे गप्प. (तीनतालाच्याही मात्रा सोळा, पण तो योगायोग.) आपले तबलजी बोल आधी तोंडाने म्हणतात, मग हातात आणतात. डाया-बायाचं दोन हातांचं काम त्यांच्या तोंडात एकच 'धा' होऊन येतं. शेकडो वर्षांची ही पद्धत मला कॅम्पात, ड्रमच्या क्लासात, वयाच्या ४३ व्या वर्षी कळली.

त्या दिवशी तो 'अँड' पडला. अगदी हळू, मेट्रोनोम साठवर. पण पडला.

आता मी पेडलपाशी का थांबलो ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत ऑफिसात आमची रिलीजची चार जणांची टीम होती. एक बिल्ड बघायचा, दोघं टेस्टिंग, मी डिप्लॉयमेंट. दर गुरुवारी रात्री चौघं बसायचो, वडापाव मागवायचो, आणि पहाटेपर्यंत काम व्हायचं. मला कंटाळा यायचा. म्हणून मी सुट्ट्यांमध्ये बसून एक स्क्रिप्ट लिहिलं. मग ते वाढत गेलं. चौघांचं रात्रभराचं काम चाळीस मिनिटांवर आलं. माझं कौतुक झालं, सगळ्यांसमोर एक शील्ड मिळालं. टीममधले दोघं दुसऱ्या प्रोजेक्टवर गेले. तिसऱ्याला प्रोजेक्ट मिळालं नाही. नऊ वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खाल्ला होता. त्याला दोन महिन्यांची नोटीस मिळाली, आणि त्या दोन महिन्यांत आम्ही दोघं हवापाण्याबद्दल बोललो.

मी काही वाईट केलं असं मला कोणी म्हणालं नाही. मीही म्हणालो नाही. पण ड्रम्सचा इतिहास वाचताना 'पेडल आलं आणि एका माणसाचं काम वाचलं' या वाक्यावर नजर अडली ती हलेना. त्या बास ड्रमवाल्याचं नाव मी शोधायला गेलो. पेडल बनवणाऱ्यांची नावं आहेत, सालासकट आहेत. पेडलमुळे घरी गेलेल्यांची नाहीत.

आणखी एक गोष्ट अलीकडे कळली. पूर्वी चौघं होतो तेव्हा कोणीतरी म्हणायचं, "थांब, हे बरोबर दिसत नाही." आता एका रात्री चुकीचं बिल्ड लाइव्ह गेलं, कारण 'थांब' म्हणायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं आणि मी झोपेत होतो. तीन माणसांत जो करार आपोआप असतो तो एका माणसाला स्वतःच्या अंगात परत बांधावा लागतो. क्लासात मी दर शनिवारी तेच तर करतोय, आणि त्याला किती वेळ लागतो ते बघतोय.

सरांना हे नवं नाही. मुंबईत जॅझ रुजलं ते १९३० च्या दशकात. लिऑन ॲबीचा आफ्रिकन-अमेरिकन बँड १९३५ मध्ये ताजमध्ये वाजला. चर्चच्या शाळांमध्ये नोटेशन शिकलेल्या गोव्याच्या वादकांनी ते पटकन उचललं आणि तेच पुढे हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गेले. अमेरिकेत ड्रम किटने माणसं कमी केली, तर आपल्याकडे स्टुडिओत उलटंच झालं. किटही आलं आणि तबला, ढोलक, बोंगो, कोंगाही राहिले, प्रत्येकाला वेगळा माणूस. कावस लॉर्ड आणि त्यांचे मुलगे केरसी आणि बुर्जोर अशी एका घरातली तीन माणसं तालवाद्यांवर असायची. सर सांगतात, त्या गर्दीत ड्रमरने कमी वाजवायला शिकायचं असतं.

मग १९८० मध्ये रॉजर लिनचं एलएम-१ आलं, खऱ्या ड्रमचे आवाज साठवलेलं पहिलं ड्रम मशीन. त्याच वर्षी रोलँडचं ८०८. आपल्याकडे यायला थोडा वेळ लागला, पण १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत मुंबईचे मोठे ऑर्केस्ट्रा विरत गेले. सरांचे फोन आधी आठवड्याला दोन झाले, मग महिन्याला एक, मग बंद. ते पुण्याला आले आणि शिकवू लागले.

एका शनिवारी मी त्यांना सगळं सांगितलं, स्क्रिप्टचं. ते काहीतरी सांत्वनाचं बोलतील असं वाटलं होतं. त्यांनी काठ्या पुसल्या आणि विचारलं, "तो मित्र भेटतो का?"

"नाही."

"मग मला काय सांगतोस? त्याला सांग."

गेल्या रविवारी त्याला फोन केला. सव्वा वर्षाने. तो आता एका छोट्या कंपनीत आहे, पगार कमी, ऑफिस घराजवळ. मुलं, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन, पाऊस, सगळं बोलून झालं. ड्रम्स शिकतोय म्हटल्यावर तो खूप हसला. मग थोडा वेळ दोघंही गप्प. मग त्याने विचारलं, "तुझं ते स्क्रिप्ट चालतंय का रे अजून?"

"चालतंय," मी म्हटलं. "मला तेव्हाच बोलायला पाहिजे होतं तुझ्याशी."

"हो, पाहिजे होतं," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "स्क्रिप्ट मात्र चांगलं लिहिलं होतंस."

पुढच्या महिन्यात तो पुण्याच्या या बाजूला येणार आहे, तेव्हा जेवायला ये म्हटलंय. बघू.

बाकी प्रगती अशी: तो 'अँड' आता मेट्रोनोम ८० वर न चुकता पडतो. ९० ला पाय पुन्हा जुन्या मालकाकडे पळतो. डाव्या पायाला सरांनी अजून हात लावू दिलेला नाही. तो सध्या हाय-हॅट दाबून नुसता बसलाय. इतिहासातही त्याचा नंबर शेवटीच लागला होता, त्यामुळे माझी तक्रार नाही. खालच्या मजल्यावरच्या काकूंची आहे, पण ते पुन्हा कधीतरी.